पिवळं अस्तर

वर्षअखेरीला पायांतल्या जोड्यांची गाडी आली आणि छावणीचं लग्नघर झालं. गावोगावच्या बायका फौजेसाठी कापडी जोडे शिवतात. चिंध्यांचे थर खळीने चिकटवायचे, दोऱ्याने दाट टाचायचे, की झाला तळ. कुणी शिवलेला जोड कुणाच्या पायात जाईल याचा नेम नाही. म्हणून गाडी रिकामी झाली की ज्याला घट्ट झाले तो सैलवाल्याला शोधत हिंडतो, आणि दोघं भांडतात.

मला शोधायची गरज पडत नाही. माझ्याएवढे पाय सगळ्या शानतुंग प्रांतात नाहीत, असं आमच्या तुकडीचं मत आहे. मी इथला आचारी, नाव छी, पण पोरं काका म्हणतात. यंदा गाडीत एक अवाढव्य जोड निघाला, तो त्यांनी थेट माझ्याकडे भिरकावला.

"काका, तुमच्या होड्या आल्या."

मी आत डोकावलो, तर टाचेला पिवळंधमक कापड. "पुरुषाच्या जोड्याला पिवळं अस्तर? मी काय नवरी आहे?"

"टाचेखाली जाणार ते. कोण बघतंय तुमची टाच?"

मी कुरकुरत जोड अंथरुणात गुंडाळून ठेवला. नवे जोडे नव्या वर्षाच्या सकाळीच घालायचे, ही आमच्या घरची रीत. लढाईपायी मी पुष्कळ सोडलंय, ही सोडलेली नाही.

बाकीचे जोड्यांचे चवडे बघत होते. लुआन चेंगफू मात्र एकेकाचा पाय उचलून तळ बघत होता.

"नाल ठोकतोस का रे?" कुणीतरी लाथ झाडली.

पण सगळ्यांना माहीत होतं. चेंगफूची बायको क्वेइलान डावरी. तिचे टाके इतर बायकांच्या उलट कलतात. सुगीच्या दिवसांत शत्रूची फौज त्यांच्या गावावरून गेली, माणसं डोंगरात पांगली, आणि क्वेइलानचे तेव्हा दिवस भरलेले. त्यानंतर निरोप नाही. यंदाच्या जोड्यावर तिचा टाका सापडला, तर ती जिवंत आहे. एवढाच त्याचा हिशेब होता.

टाका सापडला नाही. माझे जोडे अंथरुणात होते, ते त्याच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही. तो चुलीपाशी येऊन लाकडं सारत बसला. मी त्याच्या हातावर एक जादा भाकर ठेवली. त्याने अर्धी परत केली.

"मीठ कमी आहे, काका."

पोरगं अगदीच खचलेलं नाही, हे बघून मला बरं वाटलं.

नव्या वर्षाच्या सकाळी मी नवे जोडे घातले. माप घेऊन शिवल्यासारखे बसले. कोबी आणि थोडं डुकराचं मांस भरून ढीगभर च्याओत्से, म्हणजे उकडायच्या करंज्या, वळल्या, पाठ मोडून आली, तेव्हा पालथ्या टोपलीवर टेकलो आणि चुलीकडे पाय पसरले. कुणाच्या तोंडासमोर तळवे करू नयेत, पण आचाऱ्याकडून रीतभाताची अपेक्षा कोण ठेवतो? समोर चेंगफू जाळ घालत होता. त्याच्या हातातलं लाकूड थांबलं.

"काका, पाय हलवू नका."

"निखारा पडला का?"

"हलवू नका म्हणतो ना."

तो गुडघ्यांवर सरकत आला. माझा पाय दोन्ही हातांत धरून त्याने टाक्यांवरून अंगठा फिरवला. सगळे उलटे कललेले.

"तिचेच," तो म्हणाला आणि रडायला लागला. मीही रडलो. धुराचं निमित्त सांगता आलं असतं, पण खोटं कशाला बोलू?

मग त्याने बाहीने डोळे पुसले. "ती आहे, काका. पण बाळाचं काय झालं असेल?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी जोडा काढून त्याच्या नाकासमोर धरला. "लेका, हे अस्तर बघ. तुमच्या घरात पिवळं कापड कशासाठी आणतात?"

त्याने अस्तरावर बोट टेकवलं. आमच्याकडे शंभराव्या दिवशी बाळाच्या पायात वाघाच्या तोंडाचे पिवळे जोडे घालतात. आणि दृष्ट लागेल म्हणून बाळ महिन्याचं होईपर्यंत त्या कापडाला कुणी कात्री लावत नाही.

"ती काही टाकून देत नाही," तो हळूच म्हणाला. "उरलेला तुकडा इथे लावला. म्हणजे कात्री लागली, बाळ महिन्याचं झालं." मग विचारलं, "मुलगा असेल की मुलगी?"

"वाघ दोघांनाही चालतो. ऊठ आता, पाणी उकळून चाललंय."

दिवसभर तो जोड त्याच्याच पायात होता. फटक फटक करत छावणीभर "बाप झालो, बाप झालो" सांगत फिरला आणि दोनदा तोंडावर आपटला. मी फाटक्या जोड्यांतून अंगठा गारठवत वाढत होतो आणि त्याला शिव्या घालत होतो. इतकं छान नवं वर्ष बऱ्याच काळात उगवलं नव्हतं.

संध्याकाळी त्याने जोडे पुसून परत आणले.

"ठेव तुझ्याकडेच," मी म्हणालो.

"मला फार मोठे होतात. कुणी मोठ्या पायांचा अनवाणी असेल, म्हणून तिने शिवलेत. तुम्हीच घाला. फक्त एक करा."

"काय?"

"जेवायला बसताना पाय माझ्याकडे करून बसत जा."

तेव्हापासून मी रोज त्याच्यासमोर तळवे दाखवून जेवतो. नव्याने भरती झालेले जवान आपसात कुजबुजतात, म्हाताऱ्याला अजिबात रीत नाही म्हणतात. चेंगफू त्यांना काही सांगत नाही, मीही सांगत नाही.