ओबदुलियाचा डबा

नेरेइदाने खेकड्याची पाठ सुरीने उचकटली, आतलं पांढरं मांस चिमटीत धरून काढलं आणि हात स्वतःच्या डब्याकडे न नेता शेजारच्या ओबदुलियाच्या डब्यात झटकला.

"पुरे गं," ओबदुलिया पुटपुटली. "तुझं वजन कमी भरेल."

"माझं बघते मी, मावशी. तू मान खाली घालून बस."

सोमवारपासून सगळ्या टेबलावर हेच चाललं होतं. मालकाची बायको डोना डबा घेऊन वजनकाट्याकडे वळली, की ओबदुलियाच्या डब्यात चारी बाजूंनी मुठी रित्या व्हायच्या. थकलेल्या बाईला असं सांभाळून घ्यायची इथली रीतच होती. पण एरवी मूठभर जायचं, या आठवड्यात पौंडांनी जात होतं. व्हिसाचा नियम बदलला होता. मेक्सिकोहून हंगामाला येणाऱ्या छत्तीस बायांपैकी पुढच्या वर्षी फक्त अठरा जणींना परवानगी. नावं मालकाने कळवायची, आणि मालकाने सांगून टाकलं होतं, या आठवड्यात जिने काढलेल्या मांसाचं वजन जास्त, तिचं नाव आधी.

अठराच का? विचारणार कुणाला! मेरिलंडच्या या खाडीतले खेकडे काही निम्मे झाले नव्हते. ज्याने हा नियम केला त्याने जन्मात एक खेकडा सोलला नसेल, ताटात आयता आलेला मात्र चाटूनपुसून खाल्ला असेल.

ओबदुलियाचा हा बाविसावा हंगाम. नेरेइदाच्या हातात पहिल्यांदा सुरी दिली ती तिने, आणि त्या दिवशी कापलेल्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळली तीही तिनेच. आता तिचीच बोटं सुजून आल्याच्या तुकड्यासारखी वेडीवाकडी झाली होती. नात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आजी पुढच्या वर्षी आली नाही, तर नातीचं शिक्षण तिथेच थांबणार होतं.

"बावीस वर्षं ह्यांचे खेकडे सोलले," पलीकडून जोसेफा कडाडली, "आणि आता म्हणे वजन भरून दाखव! लाज कशी वाटत नाही मेल्यांना?"

"हळू. डोना आली," नेरेइदा म्हणाली.

शुक्रवारी दुपारी मालक वेंडेल यादी घेऊन आला. माणूस वाईट नव्हता, त्याचीच जास्त चीड यायची. इंग्रजी नीट कळायचं ते एकट्या नेरेइदाला. तो बोलायचा आणि ती बायांना सांगायची.

"सगळ्यात जुन्या बाईपासून सुरुवात करतो. ओबदुलिया, दिवसाला अडतीस पौंड. नाव पक्कं."

नेरेइदाने सांगताच बायांनी टेबलावर सुऱ्या बडवल्या. जोसेफाने चक्क शिट्टी मारली. ओबदुलिया तेवढी आपल्या बोटांकडे बघत राहिली.

वेंडेलही हसला. मग त्याने यादी खाली ठेवली.

"खरं सांगू? त्रेसष्ट वर्षांची बाई, हे असे हात, तरी अडतीस काढते. आणि तुम्ही बहुतेक तरण्याताठ्या तीस-बत्तिसावर अडता, म्हणजे अंग चोरता. आता अडतीस हाच नियम. त्याखालच्या कुणाचं नाव जाणार नाही. यादीत सातच जणी बसतात. बाकीच्या अकरा जागांसाठी मी दुसऱ्या गावच्या बाया मागवीन."

नेरेइदाचे तेहतीस भरले होते. उरलेले पाच कुठे गेले, ते तिच्या हातांना ठाऊक होतं.

"सांग त्यांना," वेंडेल म्हणाला.

तिने सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, 'अंग चोरता' हासुद्धा. आता दोष द्यायचा कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ओबदुलिया टेबलाचा आधार घेत उठली आणि आपल्या भाषेत थेट मालकाशी बोलू लागली.

"मालक, ते वजन माझं नाही. माझे पंधराच पौंड. बाकीचं ह्या पोरींचं. माझं नाव खोडा आणि यांची घाला."

वेंडेलने नेरेइदाकडे पाहिलं. "काय म्हणते?"

खरं तेवढं सांगितलं असतं, तर नेरेइदाचे पाच पौंड तिला परत मिळाले असते. आणि ओबदुलिया घरी बसली असती. जोसेफाने डोळे मिटून घेतले.

नेरेइदाने हातातली सुरी पुसून खाली ठेवली.

"उपकार झाले म्हणते," ती वेंडेलला म्हणाली. "आणि म्हणते, पुढच्या वर्षी तरी पाठ टेकायला खुर्ची द्या."