भागिरथीबाईचा भोंगा

पुणतांब्यात त्या आठवड्यात दोनच गोष्टींची चर्चा होती, बिबट्याची आणि ग्राफिक्स कार्डांची. बिबट्या सगळ्यांना ठाऊक होता. कार्ड म्हणजे काय ते फक्त महेंद्रला ठाऊक होतं, आणि त्यालाही लोकांना वाटत होतं तितकं नाही.

झालं होतं असं, की नदीकडच्या वस्तीवरची झुंबरबाई गवत कापता कापता गेली. उसातून आलेल्या बिबट्याने वाकलेल्या बाईची मान धरली. वनखात्याचा माणूस सांगून गेला, शेतात वाकू नका, उकिडवं बसू नका, वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं. सांगायला काय जातं! गवत उभ्याने कापता येत नाही, हे त्याला कोणी सुनावलं नाही. मग गावाने मनावर घेतलं. उसाच्या कडेने खांबांवर कॅमेरे बसले, प्रत्येक खांबाला एक भोंगा लागला, आणि कॅमेऱ्यातलं चित्र बघून बिबट्या ओळखणारा कॉम्प्युटर पंचायतीच्या मागच्या खोलीत आला. त्या कॉम्प्युटरचं सगळं बळ या कार्डात. दुकानदाराने दोन भारीतली कार्डं वापरून बघायला दिली होती, पटेल ते ठेवा म्हणाला. दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले, दोघांना तेच कॅमेरे जोडले, आणि निवाडा महेंद्रवर सोपवला. गावात राहिलेला इंजिनिअर तो एकटाच.

एक कार्ड विटेएवढं जाड, तीन पंख्यांचं, खोली तापवणारं. गाव त्याला थोरलं म्हणू लागलं. दुसरं सडसडीत, ते धाकटं. धाकटंही काही ऐरंगैरं नव्हतं, पण त्याची मेमरी कमी, म्हणून ते प्रत्येक चित्र लहान करून बघायचं. थोरलं आहे तसं, कानाकोपऱ्यासकट बघायचं. आता ज्याला जास्त दिसतं त्याला भीतीही जास्त वाटते. थोरलं सावलीला भ्यायचं, कुत्र्याला भ्यायचं, आणि सगळ्यात जास्त भ्यायचं महेंद्रच्या आईला.

भागिरथीबाई रोज दिवस कलला की लेकीला, दीपाला, सोबत घेऊन विहारामागच्या पाटाच्या चारीवर म्हशीसाठी गवत कापायला जायची. मायलेकी वाकल्या की थोरलं दोघींभोवती लाल चौकटी काढायचं आणि खांबावरचा भोंगा ठणाणा करायचा. भागिरथीबाई उठून उभी राहायची, कॅमेऱ्याकडे विळा हलवायची. "आरं मी हाय, मी!" माणूस ताठ उभं दिसलं की चौकट हिरवी व्हायची, भोंगा गप्प. ती वाकली की पुन्हा तेच. धाकटं मात्र तिला मुकाट माणूस समजायचं. पारावर थट्टा सुरू झाली होती, "भागिरथीबाईचा भोंगा झाला, चहा टाका." आता भोंगा झाला तरी कोणी दारात येत नव्हतं, कुत्रीसुद्धा मान वर करत नव्हती.

त्या दुपारी पंचायतीचे सदस्य गोरक्षनाथनाना खोलीत आले. "इंजिनेर, कान किटले आमचे. ते थोरलं लई भित्रं हाय. उद्या बैठकीत धाकट्याचंच नाव घ्या."

महेंद्रलाही आईच्या नावाची थट्टा सोसत नव्हती. "मलाबी तसंच वाटतंय, नाना," तो म्हणाला, आणि थोरल्याची भोंग्याकडे जाणारी वायर त्याने उपटून ठेवली. सुटल्यासारखं वाटलं त्याला. थोरलं चालूच राहिलं, फक्त मुकं झालं.

दिवस बुडाला. चारीवरच्या कॅमेऱ्यात उजेड करडा झाला होता. थोरल्याच्या पडद्यावर दोन लाल चौकटी उमटल्या, एक बांधावर, एक जरा मागे उसाच्या कडेला. महेंद्र हसला. आल्या मायलेकी! शेजारी धाकट्याच्या पडद्यावर एकच हिरवी चौकट होती. उसाकडच्या अंधारातली दीपा धाकट्याला दिसलीच नव्हती. ठीक आहे, एवढं चालायचंच.

तेवढ्यात दार लोटून दीपा आत आली.

"दादा, घरी काही गोळी हाय का? डोकं लई दुखतंय."

महेंद्रने तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"आई कुठंय?"

"गवताला. एकटीच गेली आज. का रं?"

त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. बांधावरच्या चौकटीत आईची पाठ हलत होती, विळ्याच्या तालावर. मागची चौकट हलत नव्हती. हलली तेव्हा इतकी हळू हलली, की दीपाने तोंडावर हात दाबला.

आईचा मोबाईल घरी चार्जिंगला होता. भोंगे तपासायची बटणं टेबलावर होती. महेंद्रने चारीचं बटण दाबलं. पडद्यावर आई उठली, वळली, विळा हलवला. आवाज येत नव्हता, पण ओठांवरून कळत होतं, मी हाय रे, मी. मागची चौकट थबकली.

महेंद्र बटण सोडून दाराकडे धावला. भोंगा थांबला, तशी आई पुन्हा वाकली.

"दादा, म्होरं सरकलं! दाब, दाब!" दीपा किंचाळली.

तो परत फिरला, बटणावर पडला. आई पुन्हा उठली. ते पुन्हा थबकलं. बिबट्या भोंग्याला भीत नव्हता, आठवडाभर ऐकून त्याचेही कान किटले असणार. तो थांबत होता तो आई उभी राहिली की. आणि आई उभी राहत होती ती भोंग्यावर चिडून.

"नानांना सांग, गाडी काढा म्हणावं! पळ!"

दीपा पळाली. महेंद्र अंगठा दाबून उभा राहिला. आईकडे धावायला पाय शिवशिवत होते आणि अंगठा काढायची छाती नव्हती. जिने जन्म दिला ती तिथं, आणि आपण इथं एक बटण धरून! घामाने अंगठा घसरत होता, त्याने त्यावर दुसरा हात दाबला. पडद्यावर आई कमरेवर हात ठेवून खांबाला शिव्या देत होती. चीड, आई, त्याने मनात विनवलं. आणखी चीड. कंटाळू नकोस, खाली बसू नकोस, शिव्या दे मला. आईने पदर खोचला. ती गवताच्या भाऱ्याकडे वळली, वाकणार, आणि महेंद्र मोकळ्या खोलीत ओरडला, "आई, नको!"

ती वाकली नाही. तणतणत खांबाकडे निघाली, भोंग्याची वायर तोडायलाच बहुतेक. त्याच वेळी पडद्याच्या कडेला मोटारसायकलचा दिवा आला. मागची चौकट उसात शिरली आणि नाहीशी झाली. धाकट्याच्या पडद्यावर या सगळ्या वेळात एकच हिरवी चौकट होती.

नानांनी भागिरथीबाईला थेट खोलीतच आणलं. तिला वाटेत सगळं कळलं होतं. नाना दारातच थांबले, मान खाली घालून. महेंद्रने पुढे होऊन तिला जवळ घेतलं.

"दाव मला," ती म्हणाली.

त्याने थोरल्याचं चित्र मागे नेऊन लावलं. वाकलेली ती, भोवती लाल चौकट. मागे ते. भागिरथीबाई पडद्याजवळ सरकली.

"ह्यानं मला बिबट्या म्हनलं?"

"व्हय. चुकतं ते. वाकलं की जनावर वाटतं त्याला."

"चुकत न्हाई." तिने पदराने तोंड पुसलं. "त्या उसातल्यालाबी मी जनावरच दिसत हुते."

बाहेर म्हैस वैरणीसाठी हंबरत होती. भारा चारीवरच राहिला होता.

"लाव त्याची वायर," भागिरथीबाई म्हणाली. "उद्या परत वाकायचंच हाय मला."