शून्यापासून शंभरापर्यंत

मी आलेखातली मोकळी जागा बोलतेय. रेघेच्या भोवतीची कोरी, पांढरी जागा. लोक बघतात ते रेघेकडे. मलाही काही म्हणायचं असेल, हे कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

माझा जन्म जळगावचा. सुयश तिथे एका कंपनीत आकड्यांचं काम करतो. त्याची आई, रुक्माबाई, धुळ्याला देवपुरात आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, "रोज वजन बघा. उतरत गेलं तर लगेच घेऊन या." सुयशने पायथन या संगणकभाषेत छोटासा प्रोग्राम लिहिला. त्याचे वडील, भिकननाना, रोज सकाळी बायकोला काट्यावर उभं करायचे आणि आकडा मोबाइलवर टाकायचे. लगेच बापलेक दोघांच्याही मोबाइलवर आलेख यायचा.

तेव्हा मी अगदी चिमूटभर होते. पायथन आपणहून आकड्यांच्या मापाची चौकट बेततो आणि कडेला जरासा समास सोडतो, तेवढीच मी. त्यामुळे अर्धा किलो वजन उतरलं तरी रेघ वरच्या कोपऱ्यातून थेट तळाला.

ते बघून नानांनी घाबरून फोन केला. "सुयश, हाई दखीसन मना जीव घाबरस रे. तुनी माय तं पार खाले चालनी!"

"नाना, अर्धाच किलो आहे. थांबा, नीट करतो."

त्याने उभ्या अक्षाला मर्यादा घातली, शून्य ते शंभर. प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवण्याचं काम. वडिलांची झोप उडू नये एवढाच त्याचा हेतू होता. मी मात्र खाली-वर ऐसपैस पसरले आणि रेघ माझ्यामध्ये आडवी, निवांत पडली.

"आते बेस शे," नाना म्हणाले.

पुढे सुयश ती ओळ विसरला. कामाच्या धबडग्यात तोही आकडे सोडून नुसती रेघ बघायचा. रेघ आडवी, म्हणजे आई ठीक. इकडे रुक्माबाई वाळत चालल्या होत्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. ताटातली भाकरी तशीच राहायची.

"त्या मोबाइलमा काय दखतस? मनाकडे दखा ना जराखं," त्या एकदा म्हणाल्या.

"दखी ऱ्हायनू ना. हाई दख, रेघ सरळ शे," म्हणत नानांनी मोबाइलच त्यांच्यापुढे धरला.

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. माणसं इतकी साधी कशी, याचा मला फार राग येतो.

दिवाळीला सुयश घरी आला आणि आईला बघून दारातच थबकला. तिला तातडीने जळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. "इतका उशीर का केला?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा नानांनी मोबाइल काढून ती आडवी रेघ दाखवली. रुक्माबाई घरी परतल्या नाहीत.

मग सुयशने प्रोग्राममधली ती शून्य ते शंभरची ओळ काढून टाकली. मी पुन्हा चिमूटभर झाले. रेघ आता खरी दिसते, सरळ खाली उतरत गेलेली. शेवटच्या वजनाच्या ठिपक्यापुढे मी जराशी उरलेय, म्हणून तो चौकटीच्या कडेला अर्धा कापला जात नाही.

बाबांनो, मला हवं तेवढं वाढवा, हवं तेवढं आवळा. पण आधी समोरच्या माणसाकडे बघत जा.

परवा सुयशने हळूच विचारलं, "नाना, हा आलेख पुसून टाकू का?"

नानांनी मोबाइल सोडला नाही. "राहू दे. तुनी मायकडे मी दखं नही. आते हाई तं दखू दे."