ताटातले चष्मे

बोरी अरब गावातल्या, सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या आवारात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. गुलाबी बोंडअळीनं खाल्लेलं ते वर्ष. जिनिंगात कापूसच आला नव्हता, म्हणून माणसांना आवार मोकळं होतं. मांडवातल्या मंचावर घनश्यामगुरू सोनेरी काडीचा चष्मा सावरत उभे होते. त्यांच्या पुढ्यात पट्ट्या बांधलेली पोरं खुर्च्यांवर बसली होती, त्यांत शाळकरी आभा. तिच्याही डोळ्यांवर काळी पट्टी होती, आणि मांडीवरचं वर्तमानपत्र ती घडाघडा वाचत होती.

"हा तिसरा नेत्र!" गुरू माइकवरून गरजले. "मेंदूच्या मध्यभागी झोपलेली ज्ञानपेशी! आम्ही ती ब्रह्मध्वनीनं जागी करतो. ती जागी झाली की पुस्तक नको, मास्तर नको, चष्मा तर नकोच नको!"

टाळ्या कडाडल्या. गुरूंच्या शेजारी पितळी ताट होतं. त्यात झेंडूच्या पाकळ्या आणि पाकळ्यांत पोरांचे चष्मे. कार्यक्रम संपला की ते वाजतगाजत नेऊन नदीत सोडायचे होते.

पंजाबराव नावाचा एक शेतकरी अर्धं उकललेलं बोंड घेऊन पुढे आला. "पोरी, यात अळी हाय का, सांग बरं."

"आहे," आभा म्हणाली.

बोंड फोडलं. अळी निघाली. लोकांनी हात जोडले. त्या वर्षी बिनअळीचं बोंड काढून दाखवणं हाच खरा चमत्कार ठरला असता, आणि हे त्या हात जोडणाऱ्यांना आपापल्या वावरात रोज दिसत होतं. पण मांडवात शिरताना माणसं चपलांबरोबर डोकंही बाहेर काढून ठेवतात, त्याला कोण काय करणार!

पुढच्या रांगेत बसलेल्या नसरीन मॅडमचं डोकं मात्र जागेवर होतं आणि चांगलंच तापलं होतं. आभा त्यांच्याच वर्गातली. गुरूंनी शिकवणीच्या पहिल्याच दिवशी चष्मा काढून घेतल्यापासून तिला फळा दिसत नव्हता. शेजारणीच्या वहीतून ती सगळं उतरवून घ्यायची, शेजारणीच्या चुकांसकट. काय झालं म्हणून विचारलं की मान खाली. तिचे वडील मधुसूदन कचेरीत बाबू होते. "मॅडम, तुम्ही शिकवत नाही, नुसतं विचारत बसता. कधी उत्तर तर द्या!" अशी त्यांची तक्रार असे. उत्तरं आयती हवीत म्हणून या शिकल्यासवरल्या गृहस्थानं पोरीला अशा माणसाच्या हवाली केलं होतं, ज्याला कुणी काही विचारायचंच नसतं.

सरळ जाऊन पट्टी ओढावी, असं मॅडमच्या मनात आलं. पण मग आभाच चोर ठरली असती, आणि गुरूंनी दुसरं पोर उभं केलं असतं. त्या उठून मंचावर गेल्या. "गुरुजी, मी हिची शिक्षिका. जरासं विचारू का तिले?"

"अवश्य! ज्ञानाला प्रश्नाचं भय कसलं?" गुरू उदार झाले.

मॅडमनी आभाच्या मांडीवरचं वर्तमानपत्र उचललं आणि तिच्या कपाळासमोर धरलं. "आता वाच."

आभाला एक अक्षर वाचता येईना.

"तिसरा नेत्र कुठं असते, बेटा?"

"कपाळावर."

"मंग पेपर तर त्याच्या अगदी समोर आहे. काहून दिसत नसेल?"

"नकारात्मक लहरी!" गुरू ओरडले. "अश्रद्ध व्यक्ती जवळ आली की नेत्र मिटतो!"

"तुम्हाले नाही विचारलं, गुरुजी. माह्या विद्यार्थिनीले विचारून राह्यली." मॅडम आभाकडे वळल्या. "मांडीवर दिसते, कपाळासमोर नाही दिसत. घाई नाही. तुले काय वाटते?"

"आभा, ध्यान लाव!" गर्दीतून मधुसूदन ओरडले. मॅडम पेपर तसाच धरून थांबल्या. वर्गातही त्या अशाच थांबायच्या, उत्तर तोंडाशी आलेलं असतानाही गिळून.

"मॅडम," आभा हळूच म्हणाली, "खालून दिसते. नाकापासून."

"हे खरं का खोटं, कसं पाहाचं?"

आभा विचार करू लागली. आता तिची मान खाली नव्हती.

"ती फट बुजवून पाहा. कापसानं."

पंजाबरावानं हातातल्या बोंडातला पिवळा पडलेला कापूस ओढून काढला आणि तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी पट्टीखाली हलकेच कोंबला. मॅडमनी वर्तमानपत्र परत मांडीवर ठेवलं.

"कायबी दिसत नाही," आभा म्हणाली आणि रडायलाच लागली. "मले वाटे बाकीच्यायले खरंच दिसते. मी एकटीच चोरून पाहून राह्यली."

"मले बी तसंच वाटे!" शेजारच्या खुर्चीवरचा साकेत पट्टी ओढून काढत ओरडला.

एवढंच होतं ते ब्रह्मज्ञान. नाक उंच असतं, म्हणून पट्टी गालाला चिकटत नाही. खाली फट राहते आणि मांडी दिसते. आंधळी कोशिंबीर खेळताना त्या आवारातल्या प्रत्येकानं लहानपणी त्याच फटीतून पाहिलं होतं. मोठेपणी त्याच फटीला सगळे नमस्कार करत बसले होते!

मधुसूदन खाली मान घालून मंचावर चढले. ताटातून त्यांनी चष्मा शोधला, पाकळ्या झटकल्या, सदऱ्याला काचा पुसल्या आणि लेकीच्या डोळ्यांवर चढवला. आभानं डोळे पुसून समोर पाहिलं. किती दिवसांनी तिला लांबचा चेहरा नीट दिसत होता.

"गुरुजी," तिनं विचारलं, "तुमचा तिसरा नेत्र उघडला आहे ना?"

"अर्थातच!"

"मंग तुम्ही काहून चष्मा लावता?"

पंजाबराव आधी हसला, मग सगळं आवार हसलं. गुरूंनी माइक खाली ठेवला.

असा मांडव तुमच्याही गावात पडेल. तिथं भांडू नका, पट्टी फाडू नका. उभं राहून एक साधा प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.