जनाबाईची फुंकणी

मित्रांनो, मी एक जुनी फुंकणी आहे. तुमच्या घरी गॅस असेल, म्हणून ओळख सांगते. मी म्हणजे हातभर लांब लोखंडी नळी. एका टोकाने फुंकले की दुसऱ्या टोकासमोर चुलीतला विस्तव फुलतो.

माझा जन्म सायकलच्या पोटी झाला. नागपुरात गोळीबार चौकाच्या मागे बाबनराव विणकर राहतात. त्यांची सायकल साड्यांचे गठ्ठे घेऊन गांधीबागेच्या बाजारात जायची. ती मोडली तेव्हा लोहाराने तिची नळी कापून मला बनवले आणि बाबनरावांनी मला आपल्या नव्या नवरीच्या, जनाबाईंच्या हाती दिले.

"लोक बायकोले साडी देतात. विणकर असून यायनं मले नळी देल्ली," असे जनाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पण मला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

जनाबाई सूत रंगवत. अंगणातल्या टिनाच्या खोलीत मोठी चूल होती. तिच्यावर रंगाचे पाणी उकळले की त्यात सुताच्या लडी सोडायच्या. जाळ मंदावला की जनाबाई वाकून मला तोंडाशी धरत. त्यांचे गाल फुगत, राख उडे आणि जाळ उठे. त्या लाल साड्यांचे गावभर कौतुक होई. माझे कोणी केले नाही, पण त्या लालीत माझाही वाटा आहे हे मला कळत होते.

घरात एक रीत होती. दसऱ्याला मागाची पूजा करायची आणि त्याआधी मागाला ऑइलपेंटचा नवा हात द्यायचा. वर्षानुवर्षे एकावर एक रंग चढून लाकडे जाड झाली होती. पुढे हातमागाचे काम कमी झाले आणि एक माग ठेवून बाकीचे एकेक करून सुटे केले. पूजेचे लाकूड भंगारात द्यायला बाबनरावांचे मन होईना. ते घरच्याच चुलीत जावे, सुताच्याच कामी यावे, असे त्यांना वाटले. ते लाकूड झटकन पेटे. धूर मात्र काळा आणि उग्र येई.

जनाबाई खोकू लागल्या. "धुराचा खोकला होय, आपोआप जाईन," असे म्हणत राहिल्या. तो गेला नाही. शेवटी दवाखान्यात तपासले तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग निघाला.

"बिडी तुमी ओढता अन् रोग मले," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सगळं काम मीच करू काय?"

बाबनरावांनी बिडीचा कट्टा त्याच दिवशी नालीत टाकला.

मग एक डॉक्टरीणबाई घरी आल्या. तंबाखूला कधी न शिवलेल्या बायकांना हा रोग होतो, तेव्हा त्यांच्या रक्तात शिसे, कॅडमियम, जस्त असे धातू किती असतात, याचा त्या अभ्यास करत होत्या.

"घ्या बाई रक्त," जनाबाईंनी हात पुढे केला. "पण लालच निंगन का जांभळं, त्याची गॅरंटी नाई. जनम रंगात गेला माहा."

डॉक्टरीणबाईंनी मला उचलून दुर्बिणीसारखे डोळ्याला लावले. बोटाला काजळी लागली. मग त्यांनी चुलीजवळची रंगीत लाकडे पाहिली आणि एकाचा रंग नखाने खरवडला.

रक्तात शिसे जास्त निघाले. "त्यानेच रोग झाला असं मी म्हणणार नाही, ते अजून कोणाला नक्की ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "पण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. रंगवलेलं लाकूड आजपासून जाळू नका. धूर कोणाच्याच छातीत जायला नको."

जनाबाईंना आता एकच काळजी लागली. सूत रंगवायचे काम सून दामिनी करणार होती. "तिच्या तोंडी ही फुंकणी जाऊ देऊ नोका," त्यांनी बाबनरावांना सांगितले. चुलीशेजारी गॅसची शेगडी आली. जनाबाईंनी ती पाहिली, आणि काही दिवसांनी त्या गेल्या.

दसरा आला. गांधीबागेत लाल साड्या पोचवायच्या होत्या आणि ऐन वेळी सिलिंडर संपले. दामिनीने मागाची लाकडे चुलीत सरकवली आणि मला उचलले.

"मामाजी, एवढा एक घाणा काढून घेते," ती सासऱ्यांना म्हणाली.

बाबनरावांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. आजवर त्यांनी कधी साडीला उशीर केला नव्हता.

"नोको बेटा. थांबू दे."

"दुकानवाले बोलतीन ना तुमाले."

"बोलू दे. तुह्या सासूचं आयकून आयकून कान पक्के झाले माहे."

दामिनी हसली, मग पदर डोळ्यांना लावला. बाबनरावांनी मला तिच्या हातातून घेतले. जनाबाईंनी भिवापुरी मिरचीचे बी कुंडीत लावले होते, त्याचे रोप आता वाकले होते. त्याच्या आधाराला बाबनरावांनी मला रोवले. त्या दसऱ्याला मागाला रंग दिला नाही, फक्त हळदकुंकू लावले. एक बोट मलाही लावले.

मित्रांनो, तुमची आई चुलीपुढे खोकत असेल तर धुराचा खोकला म्हणून सोडून देऊ नका. तिला दवाखान्यात न्या. रंग लागलेले लाकूड चुलीत घालू नका. आणि घरात फुंकणी असेल तर तिला कुंडीत नोकरी द्या. इथे बरे असते.

माझ्या अंगाला आता मिरच्या टेकतात. वारा आला की माझ्यातून हूं असा आवाज निघतो. बाबनराव मागावरून मान वर करतात आणि म्हणतात, "आयकून राहिलो वं, आयकून राहिलो."