पंपाच्या पुस्तकातली शेळी

कडककाकांना त्या दिवशी सकाळपासून दम धरवत नव्हता. इस्त्री इतकी कडक करायचे की सदरा खुंटीशिवाय उभा राहील, म्हणून सगळा रस्ता त्यांना कडककाका म्हणायचा. आणि आज हे कडककाका चक्क वाचनालयात बोलणार होते!

वर्ष संपताना तिथे सभासदांची बैठक व्हायची. प्रत्येकाने वर्षभरातली आपली आवडती पुस्तकं सांगायची. आजवर काका मागच्या खुर्चीवर बसून नुसते ऐकायचे. यंदा ग्रंथपालबाईंनी पहिला नंबर त्यांनाच दिला होता.

आता इस्त्रीवाला वाचतो कधी? तर वाचायच्या काकू. दुकानात काका टेबलाशी, काकू त्यांच्या पाठीमागे स्टुलावर. शेजारच्याच वाचनालयातून पुस्तक आणायचं, खळीचे डाग पडू नयेत म्हणून आधी त्याला खाकी कव्हर घालायचं आणि मोठ्याने वाचायचं. कित्येक वर्षं हेच चालू होतं. पण यंदाच्या पुस्तकांना तोड नव्हती. काय एकेक गोष्ट! ऐकता ऐकता काकांनी एका गिऱ्हाइकाची पँट जाळली होती.

काकू मात्र यंदा जरा बिनसल्यासारख्या वागत होत्या. पांढऱ्या सदऱ्याला पिवळं बटण लावलं, त्यावरून काका सगळ्यांदेखत त्यांच्यावर खेकसले होते. हल्ली बोलताना त्या काकांच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत, कानाकडे बघायच्या. रुसली असेल, असं काकांनी ठरवून टाकलं. बैठकीलाही त्या गुडघ्याचं निमित्त सांगून आल्या नाहीत.

बाईंनी ज्याने त्याने नेलेली पुस्तकं टेबलावर काढून ठेवली होती. काका उभे राहिले, घसा खाकरला.

"माझं सगळ्यात आवडतं म्हणजे ते दीपगृहाच्या रखवालदाराचं. त्याची ती शेळी! असं धुकं पडतं की दिवा दिसेना. तेव्हा शेळीच्या गळ्यातल्या घंटेवर होड्या किनाऱ्याला लागतात. परवाच संपवलं."

बाई गोंधळल्या. "काका, परवा तर तुमच्याकडून हे आलं." त्यांनी पुस्तक पुढे केलं. पाण्याचे पंप. पंप कसा उघडावा, कसा जोडावा, आकृत्यांसकट. "मला वाटलं, घरी पंपाचं काम काढलंय."

काकांनी पानं उलटली. पुन्हा उलटली. शेळी सोडा, शेळीचं शेपूटही नाही.

"बरं, मग ते? दोन बहिणी एकच घर विटेविटेने वाटून घेतात ते?"

"ते नाही दिसत. त्याआधीचं हे, दातांची निगा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. काका हट्टाला पेटले. "आणि खलाशाची कादंबरी? ती तरी नेली होती ना?"

"ती नेली होती. मीही वाचलीय. बिचारा तिसऱ्याच पानावर मरतो."

"मरतो? अहो, मी त्याचं लग्न ऐकलंय!"

सगळी खोली हसली. काका हसले नाहीत. त्यांना दादा आठवला, थोरला भाऊ. त्याचंही असंच सुरू झालं होतं. न घडलेल्या गोष्टी शपथेवर सांगायचा. शेवटी शेवटी तर काकांनाच 'आपण कोण?' म्हणून विचारायचा. पंपाचं पुस्तक हातात तसंच घेऊन ते बाहेर पडले.

काकू दुकानात मोजे चाचपून जोड्या लावत होत्या.

"अगं, मला डॉक्टरकडे ने," काका दारातूनच म्हणाले. "डोकं गेलं माझं. दादासारखं." आणि सगळं सांगून टाकलं, शेळी, बहिणी, खलाशी. "एक अक्षर नाही गं त्यात! सगळं मीच मनाने रचलं." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

काकूंचे हात थांबले. गप्प राहिल्या असत्या तर झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं.

"तुमचं डोकं ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही हो. मधलं सगळं पुसून गेलंय, कडेकडेचं दिसतं. तुम्हाला बघायचं तर तुमच्या कानाकडे बघावं लागतं. लेकीने नेलं होतं डॉक्टरकडे. आहे तेवढं सांभाळा म्हणाले."

काकांनी डोळे पुसले. "आणि शेळी?"

"माझी."

"खलाशाचं लग्न?"

"मीच लावलं. मुखपृष्ठाच्या कडेला खलाशी तेवढा दिसला. मला काय माहीत तो मेलाय!"

काकांना हसू आलं, आणि त्याच हसण्यात ते पिवळं बटण आठवलं. लाज वाटली त्यांना स्वतःची. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर घरी बसवलं असतंत. नाहीतर लेकीकडे पोचवलं असतंत. वाचायला म्हणून मी इथे बसते. वाचता येत नाही म्हटल्यावर माझं इथे काय काम?"

छे, काहीतरीच काय, असं म्हणायला काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. खरंच घरी बसवलं असतं त्यांनी.

काकांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. टेबलामागून कपड्यांचा गठ्ठा ओढला आणि स्टुलासमोर त्यावर बसले. इतक्या वर्षांत वाचणाऱ्या काकूंकडे त्यांची कायम पाठच असायची. पंपाचं पुस्तक त्यांनी काकूंच्या मांडीवर ठेवलं.

"शेळीपासून वाच."

काकूंनी पुस्तक उघडलं, काकांच्या कानाकडे बघितलं आणि वाचायला सुरुवात केली.