अकरावी पायरी

सगळी गल्ली त्याला ‘ठकठक’ म्हणायची. खरं नाव बहुधा बायकोलाही एखादा फॉर्म भरतानाच आठवत असेल. धंदा वाळवी शोधण्याचा आणि मारण्याचा. घर असो, गोदाम असो, ऑफिस असो, पेचकसाच्या मुठीने चौकटीवर ठकठक करायची, मान तिरकी करायची आणि ऐकायचं. भरीव लाकडाचा आवाज वेगळा, पोखरलेल्याचा वेगळा. वीस वर्षांत त्याला एकाही घरमालकाने आपणहून सांगितलं नव्हतं की आमच्याकडे वाळवी आहे. ती कायम शेजाऱ्यांकडे असते. आमच्याकडे आपली नुसती खात्री करून घ्यायची असते.

ठकठकचा नियम एकच, सापडेल ते लिहायचं. एकदा त्याने सख्ख्या चुलतभावाच्या माडीला वाळवी लागल्याचं लिहून दिलं, तर भाऊ दोन वर्षं बोलला नाही. तिसऱ्या वर्षी माडीचं एक तुळवट खचलं तेव्हा बोलायला लागला.

घरात मात्र त्याचं काही चालायचं नाही, कारण घरात सासरे होते. सासूबाई गेल्यापासून ते लेकीकडेच राहायला आलेले. वय ऐंशीच्या पुढे, जन्मभर सुतारकाम केलेलं, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. रोज सकाळी चहाचा पहिला घोट पोटात गेला की ते जावयाच्या धंद्यावर घसरायचे.

“माझ्यासारखे चार मिस्त्री असते ना, जावईबापू, तर तुमचं दुकान कधीच बंद पडलं असतं. गाभ्याचं सागवान वापरा, वाळवी वाऱ्यालाही उभी राहत नाही. तुमचं पोट भरतंय ते चोरट्या सुतारांवर.”

“खरंय, बाबा,” ठकठक म्हणायचा आणि पोळीचा तुकडा मोडायचा. बायको पाठमोरी हसायची.

खरं तर म्हाताऱ्याकडे मिरवायला फारसं उरलंच नव्हतं. त्याने केलेल्या खिडक्या जाऊन ॲल्युमिनियम आलं. दारं जाऊन प्लायवूड आलं. ज्या शाळेची बाकं केली ती शाळाच पाडली. शिल्लक होता तो बाजारातल्या तीन मजली कापडदुकानातला जिना. बावीस पायऱ्या, मधे एक डौलदार वळण, कठड्याला एक खिळा दिसेल तर शपथ. दर चार-दोन महिन्यांनी मिस्त्री काहीतरी निमित्त काढून त्या दुकानात जायचे. एक रुमाल घ्यायचे, कठड्यावरून हात फिरवायचे आणि घरी यायचे. असे रुमाल आता घरात पंचेचाळीस झाले होते.

त्याच दुकानातून ठकठकला बोलावणं आलं. जुने मालक वारले होते आणि कारभार त्यांच्या मुलीकडे आला होता. मालकीणबाई पस्तिशीच्या, चालणं भराभर, बोलणं त्याहून भराभर. त्यांनी सगळं सरळच सांगितलं.

“मला इथं लोखंडी जिना करायचाय, रुंद. शेजारी लिफ्ट. पण वडिलांनी लिहून ठेवलंय, जिना शाबूत असेपर्यंत हात लावायचा नाही. आता शाबूत आहे की नाही ते मी कशी सांगू? तुम्ही सांगा. मागे बाथरूमच्या भिंतीला मातीची रेघ दिसली परवा. वाळवी असेल तर तसं लिहून द्या, मी मोकळी.”

“असेल तर लिहीन,” ठकठक म्हणाला.

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं, आणि बायकोने ते वडिलांपासून लपवायच्या आत वडिलांनी ऐकलं. म्हाताऱ्याचे कान तेवढ्यापुरते बरोब्बर चालायचे. ऐकून मिस्त्री मोठ्याने हसले. जेवताना मात्र भात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेला शर्ट घालून दारात उभे.

“मी येतो बरोबर. माझा जिना आहे, मला बघू दे तुम्ही काय दिवे लावता ते.”

दुकान उघडायला तासभर होता. ठकठक आधी मागच्या बाथरूममध्ये गेला. भिंतीतला पाण्याचा पाइप वर्षभरापूर्वी बदललेला आणि बदलणाऱ्याने सांधा नीट बसवला नव्हता. ओलावा मोजायच्या यंत्राचा काटा पार टोकाला गेला. फरशीपासून निघालेली मातीची नळी, करंगळीएवढी जाड, पाइपाच्या कडेने वर चढून भिंतीत शिरली होती. नवखा माणूस ती नळी खरवडून टाकतो आणि काम झालं म्हणतो, मग वाळवी दुसरी वाट काढते. ठकठकने नळीला नखाएवढी एक खिडकी पाडली. आत पांढुरके किडे लगबगीने पळत होते. ते नळी पुन्हा लिंपतात की नाही, त्यावरून औषधाचा गुण नंतर कळणार होता. भिंतीच्या पलीकडच्या बाजूला जिना होता.

मिस्त्री जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले होते. ठकठक गुडघ्यांवर बसला आणि खालून सुरुवात केली. दर पायरीवर तीन ठिकाणी ठोकायचं, भिंतीकडे, मधे आणि कठड्याकडे. पॉलिशवर खडूचा डाग राहतो म्हणून तो खुणा करायचा नाही, मनात मोजायचा. आवाज असा खणखणीत येत होता की त्यालाही बरं वाटलं. खालून मिस्त्रींची टीका चालूच होती.

“ऐका, ऐका! असा आवाज तुमच्या नशिबात रोज नाही. कान धुऊन घ्या!”

दहावी पायरी झाली तेवढ्यात मिस्त्री ओरडले, “जावईबापू, चहा आलाय. निवतोय!”

ठकठक खाली उतरला. चहा प्याला, दोन गोष्टी बोलला, परत वर जाताना थबकला. “किती झाल्या हो, बाबा?”

“अकरा,” मिस्त्री म्हणाले. “अकरा झाल्यात तुमच्या.”

सासऱ्याचा जिना, सासऱ्याचा हिशेब. ठकठकने बाराव्या पायरीपासून पुढे ठोकलं. दुसऱ्या कुठल्याही इमारतीत तो पहिल्यापासून पुन्हा मोजत आला असता. बावीस झाल्या. एकही पोकळ नाही. त्याने वहीत ‘जिना निरोगी’ असं लिहिलं, आणि भिंतीत शिरलेली वाळवी जेवायला जाते कुठे, हा प्रश्न त्याच्या डोक्यात अर्धवट येऊन बाजूला पडला. माणूस खूश असला की असे प्रश्न त्याला नकोसे होतात.

मिस्त्री आता उठले होते. “बघू तर वळणावरचा कठडा,” असं म्हणत ते वर चढू लागले. ऐंशीचे गुडघे, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, धापा टाकत. नववी. दहावी. आणि मग म्हाताऱ्याने कठडा दोन्ही हातांनी धरला, कण्हत पाय उंच उचलला आणि थेट बारावीवर ठेवला.

ठकठक बघत राहिला. एका पायरीला दोनदा थांबणारा माणूस दोन पायऱ्या एका दमात का चढेल?

तो मिस्त्रींच्या मागून गेला, अकरावीपाशी बसला आणि भिंतीकडच्या बाजूला ठोकलं. आवाज आला तो पुठ्ठ्याच्या खोक्याचा. त्याने पेचकस उलटा धरला आणि टोक टेकवलं. जोर लावावा लागलाच नाही, पातं मुठीपर्यंत आत गेलं.

वरून मिस्त्री बघत होते. त्यांचा चेहरा असा उतरला की ठकठकला वाटलं, आता हे पडणार. पण ते बाराव्या पायरीवर हळूच बसले.

“लाकूड कमी पडलं होतं,” ते म्हणाले. “दुकान उघडायच्या आदल्या दिवशी एक फळी उभी फाटली. वखार बंद. माझ्याकडे एक सालीजवळची होती, निम्मी पांढरी, म्हणजे कच्च्या लाकडाची. तीच बसवली, वरून गडद पॉलिश मारलं. म्हटलं पुढच्या आठवड्यात बदलू. दुसऱ्या दिवशी मोठ्या मालकांनी चार माणसांत पाठीवर थाप मारली. मग कुठल्या तोंडाने सांगू की एक काढायचीय?”

“किती वर्षं झाली?”

“एक्केचाळीस. पाय नाही ठेवला कधी तिच्यावर.” मग ते जावयाकडे न बघता म्हणाले, “मघाशी मी तुम्हाला अकरा सांगितल्या. लिहू नका, जावईबापू. आजवर तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही.”

हे खरंच होतं. म्हाताऱ्याने त्या घरात पाण्याचा पेलासुद्धा स्वतः भरून घेतला होता. ठकठकला वाईट वाटलं, भयंकर वाईट वाटलं. वहीत तर ‘निरोगी’ लिहूनही झालं होतं. औषध मारायचं, एका सुट्टीच्या दिवशी गुपचूप फळी बदलायची, कोणाला पत्ता लागला नसता. त्याने वही काढली, लिहिलेल्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘अकरावी पायरी, वाळवी’.

तेवढ्यात मालकीणबाई किल्ल्या वाजवत आल्या. “काय निघालं?”

ठकठकने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी वरून आवाज आला.

“वाळवी निघाली. अकराव्या पायरीत. तिथं मी पांढरं लाकूड घातलं होतं, बाई. तुमच्या वडिलांना फसवलं मी. यांना तर माहीतही नव्हतं.”

मालकीणबाईंना कोणाकडे बघावं ते कळेना. हवं ते मिळाल्यावर माणसाचा चेहरा खुलायला हवा, त्यांचा काही खुलला नाही. “बरं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे जिना गेला.”

“थांबा,” ठकठक म्हणाला. “माझं व्हायचंय अजून.”

त्याने पहारीने अकरावी फळी उचकटून काढली. उजेडात धरली. भिंतीकडचा अर्धा भाग नुसता भुसा, मातीने भरलेला. मग मधोमध एक सरळ रेघ, आणि रेघेपलीकडे तपकिरी लाकूड, जसंच्या तसं. त्याने तिथे ठोकून दाखवलं. खणखणीत. मग बॅटरी मारून दहाव्या आणि बाराव्या पायरीच्या भिंतीकडच्या कडा दाखवल्या. दोन्हीवर ओल्या मातीचे माग होते. वाळवी तिथवर येऊन गेली होती आणि लाकूड न पोखरता परतली होती.

“गाभ्याचं सागवान हिला पचत नाही, बाई. पांढरं तेवढं खाल्लं. वर चाखून बघितलं, खाली चाखून बघितलं आणि गप परत आली. मी बाहेरून ठोकतो, ही आतून तपासते. एकवीस पायऱ्यांना तिनेच पास केलंय. मी लिहिणार ते एवढंच, एक पायरी बदला, पाइप दुरुस्त करा, मी औषध मारतो. बाकी जिना शाबूत.”

मालकीणबाईंनी ती फळी हातात घेऊन उलटसुलट बघितली. लोखंडी जिन्याचं चित्र त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर लागलेलंसुद्धा होतं. त्यांना रागच आला असावा. “आठ दिवस,” त्या शेवटी म्हणाल्या. “आठ दिवसांत पायरी बसली नाही तर माझ्या दृष्टीने हा मोडका जिना. आणि ती दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची नाही. ज्यांनी बिघडवली त्यांनी करायची.”

ठकठकने त्याच दिवशी काम सुरू केलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना, फरशीच्या कडेने हातभर अंतरावर भोकं पाडली, दाबाने औषध सोडलं, भोकं सिमेंटने बुजवली. प्लंबरला समोर उभा करून सांधा बसवून घेतला.

घरी मागच्या अंगणात वेगळीच झुंज चालू होती. मिस्त्रींनी वखारीत जाऊन सात फळ्या नापास केल्या, वखारवाल्याने हात जोडले तेव्हा आठवी घेतली. हात कापत होते. रंधा दोनदा निसटला. लेक ओरडली, “बाबा, पुरे आता, दुसऱ्याला द्या!” मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर डोळे वटारले. ठकठक फळी धरून बसायचा. त्याला ठोकून बघायचा मोह व्हायचा, पण तो आवरायचा. पाचव्या दिवशी म्हाताऱ्यानेच पेचकस त्याच्या हातात दिला. “तपासा.”

त्याने तीन ठिकाणी ठोकलं आणि पसंतीची मान डोलावली.

आठव्या दिवशी सकाळी पायरी बसली. बाथरूममधल्या नळीची नखाएवढी खिडकी तशीच उघडी होती, कोणी लिंपली नव्हती, आत हालचाल नव्हती. ठकठकने कागद लिहून दिला. मालकीणबाईंनी तो वाचला आणि ऑफिसात जाऊन भिंतीवरचं चित्र काढलं.

दुकान उघडलं, गिऱ्हाइकं आली. मिस्त्री कठडा धरून चढायला लागले. ठकठक खाली उभा होता, या वेळी तोही मोजत होता. नववी. दहावी. म्हाताऱ्याने सवयीने कठडा दोन्ही हातांनी पकडला, कण्हत पाय उंच उचलला आणि बारावीवर ठेवला.

मग तो थांबला. पाय परत खाली घेतला. आधी उजवा पाय अकरावीवर टेकवला, मग डावा, आणि तिथे उभाच राहिला.

मागे दोन पोरींचा खोळंबा झाला. एक म्हणाली, “आजोबा, चला ना पुढं.”

“थांब गं बाळ जरा,” मिस्त्री म्हणाले. “मी इथं पहिल्यांदाच आलोय.”